स्क्रू आवळण्याआधी

फायबरच्या बोटीत स्टिअरिंगसमोरचं पॅनेल सैल झालं की ते आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. इंजिन एका ठरावीक आरपीएमवर आलं की बारीक किरकिर सुरू होते. वेग वाढवला की थांबते, कमी केला की परत येते. बोट चालवणारा तळहाताने पॅनेल दाबून धरतो, आवाज बंद होतो आणि विषय तिथेच राहतो. काही दिवसांनी एका कोपऱ्यातला स्क्रू गायब झालेला असतो. मग कुणीतरी डब्यातून एक नंबर मोठा स्क्रू शोधून त्याच भोकात पिळून बसवतो. हंगाम संपता संपता तोही नुसता गरगर फिरायला लागतो. आटे गेले, असं म्हणून आपण मोकळे होतो.

पण आटे गेले कशाचे? स्क्रू बाहेर काढून नीट पाहा. त्याचे आटे बहुतेक वेळा शाबूत असतात. गेलेले असतात ते भोकाचे. मोठा स्क्रू बसवणं ही सगळ्यांत प्रचलित दुरुस्ती आहे, आणि माझ्या मते फायबरच्या बोटीचं सगळ्यांत जास्त नुकसान करणारीही तीच आहे. पॅनेल का हललं हे कळेपर्यंत स्क्रू ड्रायव्हर खिशात राहिलेला बरा.

मोठ्या स्क्रूची ही सवय लाकडातून आली आहे. लाकडी बोटीत होकायंत्र किंवा मीटर बसवायचं तर मागे चांगली इंचभर जाडीची फळी असते. स्क्रू आत शिरताना लाकडाचे तंतू दबून बाजूला सरतात आणि उलट स्क्रूवरच दाब देत राहतात. भोक सैल झालं तर आगपेटीच्या दोन काड्या कोंबाव्यात किंवा जाड स्क्रू लावावा, हा सुताराचा उपाय लाकडात खरोखर चालतो, कारण पकड घ्यायला आत पुरेसा माल असतो. फायबरच्या कन्सोलची, म्हणजे पॅनेल ज्या खोक्यावर बसतं त्याची, भिंत बहुतेक ठिकाणी तीन ते पाच मिलिमीटरची. नेहमीचा आठ नंबरचा स्वतःच आटे पाडत जाणारा स्क्रू घेतला तर त्याची जाडी ४.२ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर १.४ मिलिमीटर. म्हणजे चार मिलिमीटरच्या भिंतीत त्याचे पुरते तीन आटेही पकडत नाहीत. शिवाय काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांचा हा थर ठिसूळ असतो. तो लाकडासारखा दबून परत येत नाही, त्याची भुकटी होते. मोठा स्क्रू घातला तरी भिंतीची जाडी वाढत नाही. पकड पुन्हा त्याच अडीच-तीन आट्यांची राहते, आणि भोकाभोवतीच्या जेलकोटला, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात त्या वेगळ्याच.

ही भुकटी करणारी ताकद कुठून येते ते पाहू. चार सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन वेळा ज्वलन होतं. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर सेकंदाला ५० फेरे आणि १०० हादरे. तासाभरात ३ लाख ६० हजार. प्रत्येक हादरा अगदी किरकोळ असतो, पण पॅनेलची स्वतःची कंप पावण्याची गती त्याच्याशी जुळली की पॅनेल थरथरायला लागतं. ठरावीक आरपीएमलाच किरकिर येते ती यामुळे. त्यात लाटेवरून आपटण्याची भर. वेगाने जाणारी छोटी बोट लाटेवर आदळते तेव्हा कन्सोलवरच्या वस्तूंचं वजन क्षणभर तीन-चार पट झाल्यासारखं होतं. मोठ्या पडद्याचा जीपीएस प्लॉटर दोन-तीन किलोचा असला तर त्या क्षणी चार स्क्रू आठ-दहा किलो पेलत असतात.

कंपनाने स्क्रू का सुटतात याचं सगळ्यांत उपयोगी उत्तर गेरहार्ड जंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलं. स्क्रूच्या लांबीच्या दिशेने होणाऱ्या ओढाताणीमुळे तो ढिला होतो अशी तोवर सर्वसाधारण समजूत होती. जंकर यांनी जोडलेल्या दोन पृष्ठभागांना एकमेकांवर आडवं सरकवणारं यंत्र तयार केलं आणि दाखवून दिलं की बोल्ट पुरता सुटतो तो या आडव्या सरकण्यामुळे. बोल्ट जागेवर राहतो तो घर्षणाच्या जोरावर. पृष्ठभाग आडवे सरकत असतात तेव्हा ते घर्षण त्या सरकण्याला तोंड देण्यात खर्ची पडतं आणि फिरण्याला अडवायला जवळपास काही उरत नाही. आटे मुळात उतरणीवरच कापलेले असतात, त्यामुळे ताणलेला बोल्ट त्या उतरणीवरून थोडा थोडा मागे येत जातो. याच प्रकारच्या चाचणीत आपल्याकडे हमखास लावला जाणारा, एका ठिकाणी कापलेला स्प्रिंग वायसर जवळजवळ काहीच मदत करत नाही असं दिसून आलं. नायलॉनची कडी असलेला नट त्याच्यापेक्षा कितीतरी बरा. तो थोडा ढिला झाला तरी गळून पडत नाही.

पॅनेलच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. पॅनेल भिंतीवर आडवं सरकत असेल तर त्याला कुठलाही स्क्रू धरून ठेवू शकत नाही. आणि पॅनेल सरकायला इंजिन सुरूच असायला हवं असंही नाही. उन्हातही ते सरकतं.

उन्हाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ६० सेंटिमीटर लांबीचं पॅनेल घ्या. पहाटे ते २५ अंशांवर असतं आणि काळं असेल तर दुपारी ५५ अंशांच्या पुढे सहज जातं. तीस अंशांच्या फरकाने ॲल्युमिनियमचं पॅनेल अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी वाढतं. ॲक्रिलिकचं सव्वा मिलिमीटर. पांढऱ्या एचडीपीई प्लॅस्टिकचं, जे पाणी पीत नाही म्हणून हल्ली बोटींवर फार आवडीने वापरतात, ते दोन मिलिमीटरहून जास्त वाढतं. मागची फायबरची भिंत मात्र साधारण ॲल्युमिनियमइतकीच वाढते. आता अशा प्लॅस्टिकच्या पॅनेलला आठही भोकं स्क्रूच्या नेमक्या मापाची पाडली तर रोज दुपारी पॅनेल स्क्रूंना बाहेर रेटणार आणि रोज रात्री आत ओढणार. इंजिन एकदाही सुरू न करता दोन उन्हाळ्यांत भोकं लांबट होतात. चपट्या, आत बुडणाऱ्या डोक्याचे स्क्रू तर प्लॅस्टिकला घातकच. त्यांचं डोकं पाचरीसारखं बसतं, पॅनेलला सरकायला जागा उरत नाही आणि ॲक्रिलिक असेल तर भोकापासून कडेपर्यंत चीर जाते.

तिसरं कारण पाणी. कन्सोलच्या भिंतीला जिथे मजबुती हवी तिथे बांधणारे दोन फायबरच्या थरांमध्ये प्लायवूड घालतात. ही रचना चांगली आहे, पण तिला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे प्लायवूडकडे जाणारी वाट. स्क्रू हलायला लागला की त्याच्या कडेने खारं पाणी आत शिरतं आणि दोन्ही बाजूंनी फायबर असल्यामुळे ते वाळत नाही. मग प्लाय कुजतो. वरून सगळं पांढरंशुभ्र दिसतं आणि आत काळा लगदा झालेला असतो.

याच कोंडलेल्या ओलाव्यात स्टेनलेस स्टीलही गंजतं, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. स्टेनलेसचं संरक्षण करतो तो त्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिपातळ पापुद्रा. तो खरवडला गेला तर परत तयार व्हायला प्राणवायू लागतो. भोकाच्या आत ओल असते, मीठ असतं, हवा नसते. त्यामुळे बाहेर चकाकणाऱ्या स्क्रूची मान आतून खाल्ली जाते आणि काढताना तो मध्येच तुटतो. समुद्रावर ३१६ प्रतीचं स्टेनलेस घ्यावं. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि खाऱ्या पाण्यात पडणारे खड्डे ते बऱ्याच अंशी रोखतं. बाजारात बहुतेक वेळा हातात पडतं ते ३०४. लोहचुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही, कारण दोन्ही जवळपास चुंबकाला दाद देत नाहीत. बोल्टच्या डोक्यावर ए२ असेल तर तो ३०४ च्या घराण्यातला, ए४ असेल तर ३१६ च्या. बारीक स्क्रूवर ही खूण नसतेच, तिथे खात्रीचा दुकानदार हाच आधार.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पहिलं काम बॅटरीचा मेन स्विच बंद करण्याचं, आणि स्विच नसेल तर ऋण टोकाची वायर सोडण्याचं. पॅनेल पुढे ओढताना मागच्या वायरीच्या टोकाची एखादी उघडी थिंबल धातूच्या पट्टीला टेकली तर बारा व्होल्टची बॅटरीही वायर लाल करू शकते. मग पॅनेलला हात न लावता स्क्रूंभोवती नीट पाहा, कारण कुठलं कारण लागू आहे ते तिथे लिहिलेलं असतं. स्क्रूभोवती पांढरी भुकटी असेल तर भोक झिजतं आहे, म्हणजे कंपन. तपकिरी ओघळ असेल तर आत पाणी आहे. पॅनेलचं भोक एकाच दिशेने लांबट झालं असेल आणि तेही टोकांच्या भोकांत जास्त व मधल्या भोकांत कमी, तर उष्णतेने पॅनेल सरकतं आहे. जेलकोटला चिरा असतील तर कुणीतरी आधीच मोठा स्क्रू पिळून गेलं आहे. नंतर चारही कोपरे एकेक करून अंगठ्याने दाबा. दाबल्यावर पॅनेल भिंतीला टेकत असेल आणि सोडल्यावर उचललं जात असेल तर भिंत सपाट नाही. तिथे स्क्रूने जबरदस्ती करण्यापेक्षा मागे पातळ रबरी पट्टी घालणं बरं.

पॅनेल काढण्यापूर्वी मागच्या वायरिंगचे फोटो घ्या आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचं लेबल लावा. मग स्क्रू काढत जाताना शेवटचा एक सुटेपर्यंत पॅनेलला हाताचा आधार ठेवा. वायर किती लांब सोडल्या आहेत ते तोवर कुणालाच माहीत नसतं.

भोकातून काढलेला भुसा बोटांवर घेऊन पाहावा. फिकट आणि कोरडा असेल तर प्लाय ठीक आहे. काळा, ओलसर, चुरगळला जाणारा असेल तर मार्कर घेऊन स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने भिंत ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. हातभर भाग बद्द वाजत असेल तर ते काम भोकांचं उरलं नाही, मागचा थर कापून प्लाय बदलावा लागेल. पण बहुतेक वेळा कूज भोकाभोवती रुपयाएवढ्या वर्तुळातच असते आणि तिथे एक फार सुरेख युक्ती चालते.

भोक आठ ते दहा मिलिमीटरचं करायचं, पण वरच्या थरातच. पाठचा थर तसाच ठेवायचा. ड्रिलचं बीट जेलकोटवर टेकवताना आधी मशिन उलटं फिरवायचं, म्हणजे जेलकोट ओरखडून निघतो, टवके उडत नाहीत. मग एक खिळा घ्यायचा, त्याचं डोकं उडवायचं, टोकाकडचा दहा-बारा मिलिमीटरचा भाग काटकोनात वाकवायचा आणि सरळ बाजू ड्रिलच्या चकमध्ये घट्ट करायची. वाकडं टोक भोकातून आत सरकवायचं आणि मशिन हळू फिरवायचं. दोन थरांच्या मधला प्लाय गोल खरवडला जातो आणि भुसा होऊन भोकातून बाहेर पडतो. वरून दहा मिलिमीटरचं भोक दिसतं, आत मात्र इंचभर व्यासाची पोकळी तयार झालेली असते. भुसा फिकट रंगाचा यायला लागेपर्यंत हे चालू ठेवायचं.

पोकळी वाळवणं ही या सगळ्या कामातली सगळ्यांत चुकवली जाणारी पायरी आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात आणि डागडुजीची सगळी कामं तेव्हाच निघतात. म्हणजे ऐन दमट दिवसांत. तेव्हा ओल्या प्लायवर रेझिन ओतलं तर आतला ओलावा कायमचा कोंडला जातो. बोट शाकारलेली असेल तर कन्सोलच्या पोकळ खोक्यात साधा जुना पिवळा बल्ब काही दिवस पेटता ठेवावा. त्याची ऊब पुरते. ज्यांना जमेल त्यांनी बोट वर घेण्याआधीच, मेच्या उन्हात पॅनेल उघडावं.

भरायला इपॉक्सी घ्यावी, पॉलिएस्टर रेझिन नाही. पॉलिएस्टर स्वस्त असतं, फायबरवाल्याकडे कायम असतं, पण वाळताना ते इपॉक्सीपेक्षा बरंच जास्त आकसतं आणि लाकडाला त्याची पकड कमी. (पॉलिएस्टर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: कॅटॅलिस्ट आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नये. तो स्फोटच आहे. एक आधी रेझिनमध्ये पुरतं ढवळावं, मगच दुसरं.) इपॉक्सी आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं तंतोतंत पाळायचं. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर मिश्रण मऊच राहतं. हवा दहा अंशांनी तापली की ते हातात टिकण्याची वेळ साधारण निम्म्यावर येते, म्हणून कोकणातल्या दुपारी थोडं थोडंच कालवावं. आधी पातळ इपॉक्सी इंजेक्शनच्या सिरिंजने आत सोडून प्लायला पिऊ द्यायची. मग उरलेल्या मिश्रणात सिलिकाची पूड घालत ते श्रीखंडाइतकं घट्ट करायचं आणि तळापासून वर भरत यायचं, म्हणजे हवा अडकत नाही. भिंत उभी असेल तर वरून चिकटपट्टी लावून ठेवायची. दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन काढायचा, आधी पॉलिश पेपर मारला तर तो उलट आत घासला जातो.

चोवीस तासांनी तिथे अगदी नवी, भरीव जागा मिळते, आणि इथे स्वतःच आटे पाडणारा स्क्रू पुन्हा लावायच्या मी विरुद्ध आहे. ४.२ मिलिमीटरचं भोक पाडून एम५ टॅपने आटे पाडावेत आणि मशिन स्क्रू लावावा. एम५ च्या दोन आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर. १२ मिलिमीटर जाड इपॉक्सीत पंधरा आटे पकडतात, आणि हे पॅनेल दहा वेळा उघडलं तरी ते झिजत नाहीत. फायबरच्या भिंतीत प्लाय नसेल, नुसताच चार मिलिमीटरचा थर असेल, आणि मागून हात पोचत असेल तर सरळ आरपार बोल्ट, मागे रुंद वायसर आणि नायलॉनचा नट. पॅनेल बसवल्यावर हात पोचत नसेल तर ते उघडं असतानाच मागच्या बाजूने पाच-सहा मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी इपॉक्सीने चिकटवून तिच्यात आटे पाडता येतात. फक्त ॲल्युमिनियमवर स्टेनलेस बसलं आणि मध्ये खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजतं आणि स्क्रू कायमचा जाम होतो, म्हणून आट्यांना वेगळं ठेवणारी पेस्ट लावल्याशिवाय स्क्रू आत घालू नये. आणखी एक सोय म्हणजे आत पितळी नट असलेली रबरी बुशी. स्क्रू आवळला की रबर मागे फुगतं, पातळ भिंतीला पकडतं आणि कंपनही पितं. हलक्या पॅनेलला ती उत्तम.

स्क्रू सुटू नये म्हणून लावायचं द्रव्य, ज्याचा शोध अमेरिकेतले रसायनाचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये लावला, ते धातूच्या नट-बोल्टला फार चांगलं. पण ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटच्या पॅनेलजवळ ते आणू नये. त्याने या प्लॅस्टिकला बारीक चिरा पडतात आणि त्या पसरत जातात.

पॅनेलच्या भोकांसाठी उन्हाचा हिशेब लक्षात ठेवायचा. मधलं एक भोक स्क्रूच्या मापाचं, बाकीची दीड-दोन मिलिमीटर मोठी, आणि प्रत्येक स्क्रूला चपट्या बुडाचं डोकं व वायसर. लांब प्लॅस्टिकच्या पॅनेलला टोकांची भोकं आडवी लांबटच करावीत. स्क्रू वायसरला टेकून थांबला की पाव फेरा आणखी, तेवढंच पुरे.

मीटर सैल होणं हा स्वतंत्र प्रकार आहे, पण तो पटकन आटोपतो. तेलदाब, तापमान, डिझेल यांची मीटर बहुधा ५२ मिलिमीटरच्या भोकात बसतात आणि आरपीएम मीटर ८५ मिलिमीटरच्या. मागून एक पट्टी आणि दोन हाताने फिरवायचे नट त्यांना पॅनेलवर ओढून धरतात. हे नट पकडीने आवळू नयेत. पट्टीचे पाय पॅनेलमध्ये रुततात किंवा मीटरच्या मागचा खिळाच फिरून आतली जोडणी तुटते. पुढच्या कडेखालची रबरी चकती कडक झाली असेल तर ती बदलली की मीटर पुन्हा घट्ट बसतं.

पॅनेल परत बसवण्याआधी मागच्या वायरींचा लोंबता गुंता हातात उचलून त्याचं वजन पाहा. पॅनेल खाली खेचायला तोही हातभार लावत असतो, आणि प्रत्येक हादऱ्याला थिंबलवर झटका देत असतो. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या विद्युत मानकात वायरींना दर १८ इंचांवर, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटरवर आधार सांगितला आहे. कन्सोलच्या आत तो याहून जवळ जवळ द्यावा. पॅनेल पुढे काढून पालथं ठेवता येईल एवढी वायर सैल ठेवावी, आणि तो सैल भाग खाली झोळ घेऊन वर जाईल असा बांधावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. सील करायला बुटाइलची चिकट पट्टी चांगली, ती पुन्हा उघडता येते. आंबूस वास येणारं सिलिकॉन इथे नको. वाळताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि तांब्याच्या टोकांना गंज चढतो. शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागेवर पुढे जेलकोट किंवा रंग धरत नाही.

बोट पाण्यात गेल्यावर एक तपासणी राहतेच, ती होकायंत्राची. पॅनेलवरच्या वस्तू दोन बोटं इकडे-तिकडे झाल्या असतील, वायरलेस सेटच्या स्पीकरमधला चुंबक जवळ आला असेल, लोखंडी स्क्रू वापरला गेला असेल, तर सुई वळते आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. होकायंत्राजवळ पितळी स्क्रूच वापरावेत, त्याच्या दिव्याच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात, आणि प्रत्येक यंत्राच्या माहितीपुस्तिकेत होकायंत्रापासूनचं सुरक्षित अंतर दिलेलं असतं ते पाळावं. मग शांत पाण्यात, ओढ नसताना, एखाद्या दूरच्या ठळक खुणेकडे नाक धरून सरळ रेषेत चालवत जीपीएसची दिशा आणि होकायंत्राची दिशा लिहून घ्यायची, त्याच रेषेत उलट येऊन पुन्हा लिहायची, आणि काटकोनातल्या रेषेवर हेच करायचं. कोकण किनाऱ्यावर खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत एक-दीड अंशांच्या आतच फरक असल्यामुळे ही तुलना इथे सोपी जाते. तीन-चार अंशांपेक्षा जास्त तफावत आली तर पॅनेल पुन्हा उघडून वस्तूंच्या जागा पाहाव्या लागतात, आणि एम५ चे आटे त्यासाठीच पाडलेले असतात.